शिवलेलं शेवटचं प्रकरण

"आता त्या कादंबरीच्या तीन खंडांबद्दल ऐक," सयाजीराव स्ट्रेचरवर पडल्या पडल्या म्हणाले. "ड्रॅगन झकास आहे. माणसं मात्र सगळी पुठ्ठ्याची. आणि तो राजपुत्र! पहिल्या खंडात मरतो, दुसऱ्यात कसलीशी मुळी हुंगून उठून बसतो. उठवायचंच होतं तर मारलाच कशाला? मी फुकट रडलो."

बंगळुरात हेब्बाळच्या इस्पितळात, ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर हे चाललं होतं. कवळी काढून घेतल्यामुळे त्यांचे शब्द फुसफुसत होते, मतं मात्र नेहमीइतकीच तिखट होती. त्यांची सून भव्या त्यांचा चष्मा धरून शेजारी उभी होती. मुलगा विराज फाइल चाळत होता. त्यातलं त्याला काही कळत नव्हतं, पण चाळत होता.

"अण्णा, दमू नका," तो म्हणाला.

"दमा त्या दुसऱ्या पुस्तकातल्या गुप्तहेराला आहे, मला नाही. लेखकाने त्याला एक पंप दिलाय आणि समजतोय की आपण स्वभाव रंगवला. सगळ्यांत आधी हुंदके देणाराच खुनी, हे आपल्या धोब्यालाही कळलं असतं."

भव्या हसली. काल डॉक्टरांनी तिला आणि विराजला बाजूला घेतलं होतं. झडप बदलायलाच हवी, पण हृदयात ताकद फार कमी उरलीय. "आम्ही प्रयत्न करू," यापुढे ते काही बोलले नव्हते. अण्णांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

सिस्टर आली, स्ट्रेचरचा दांडा धरला. "होगोणा, अज्जा?" निघायचं का, असं तिने कन्नडात विचारलं.

"सिस्टर, स्वल्प तडीरी," जरा थांब म्हणून अण्णांनी हात वर केला. मग भव्याला जवळ बोलावून आवाज खाली आणला. "एक सांग. त्या कॉफीमळ्याच्या कादंबरीत मालकाला कुणी मारलं?"

भव्याने चष्म्याच्या काड्या मिटल्या.

मल्लेश्वरमच्या त्यांच्या वाचनकट्ट्यावर रहस्यकथेची एक रीत आहे. शेवटचं प्रकरण सुईदोऱ्याने शिवून टाकायचं आणि मगच पुस्तक घरोघरी फिरवायचं. सगळ्यांचं वाचून झालं की बैठकीत प्रत्येकाने आपला संशयित सांगायचा, मग कात्री. शिवण्याचं काम भव्याकडे असतं, त्यामुळे शेवट फक्त तिला ठाऊक. ही रीत अण्णांनीच घातलेली. मागे एकदा कृष्णमूर्तींनी कॉफी पिता पिता कुठल्याशा खुन्याचं नाव बोलून टाकलं, तर अण्णांनी महिनाभर त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि आज तेच शेवट विचारत होते.

"बैठकीत कळेल," भव्या म्हणाली.

"बैठक पुढच्या आठवड्यात आहे."

"मग पुढच्या आठवड्यात कळेल."

"अगं, आज तरी हट्ट करू नकोस," ते म्हणाले. किती शांतपणे म्हणाले! त्या शांतपणाचीच तिला धास्ती वाटली. गेल्या चार दिवसांत त्यांनी हळूहळू सगळं आवरलं होतं. कपाटाच्या किल्ल्या विराजला दिल्या, ते जाडजूड खंड वाचनकट्ट्यावरच्या धाकट्या सौम्याला देऊन टाकले, रुसलेल्या भावाला फोन केला. एवढं एकच मागे राहिलं होतं.

"सांगून टाक ना गं," विराज कळवळून म्हणाला.

"आधी त्यांनी अंदाज सांगायचा. नियम आहे."

"आत्या," अण्णा लगेच म्हणाले. "मालकाची विधवा बहीण. घरात प्रेत पडलंय, सगळे विचारतात कसा गेला, केव्हा गेला. ही बाई एकदाही विचारत नाही. तिला ठाऊक आहे म्हणून विचारत नाही. बरोबर?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. चष्मा नसल्यामुळे डोळे लहान आणि ओले दिसत होते. एका शब्दाची वाट पाहत होते. तो शब्द मिळाला की सगळी निरवानिरव झाली. या घरात आल्यापासून ती त्यांच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. पुस्तकाबद्दल तर नाहीच. तेवढ्यासाठीच तर ते तिला मत विचारायचे.

"चुकलात," भव्या म्हणाली.

"काय?"

"आत्या नाही. साफ चुकलात, अण्णा."

सयाजीराव कोपरावर उठले. "शक्य नाही! मग कोण? मॅनेजर? तो तर त्या रात्री मळ्यावरच नव्हता!"

"बाहेर आल्यावर सांगेन."

"वात्रट! शिवणीच्या आधीचं पान काढ. ती शाल का बदलते? सांग, का बदलते?"

सिस्टरने खांदा दाबून त्यांना परत निजवलं आणि स्ट्रेचर ढकलायला घेतलं. ते मान मागे वळवून बोलतच राहिले. लेखक भोंदू आहे, सुनेने नीट वाचलेलं नाही, बैठकीत एकेक ओळ वाचायला लावतो, मग बघतो. दार मिटलं, तरी आतून क्षणभर त्यांचा आवाज येत होता. नंतर तोही थांबला.

विराज बाकावर बसला. मग म्हणाला, "खरंच चुकले का गं अण्णा?"

"नाही. आत्याच आहे."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "मग हो म्हणायचंस की! किती निवांत झाले असते."

"म्हणूनच नाही म्हटलं."

विराजने फाइल बंद केली. "आणि ते बाहेर आलेच नाहीत तर?"

भव्याने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"तर मी जन्मभर खोटारडी," ती म्हणाली.