उभी बाटली

वाईनची बाटली आडवी ठेवायची, उभी ठेवली की बूच सुकतं, असं नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. एकच बाटली त्याने बुटांच्या कपाटावर उभी ठेवली, माझ्या डोळ्यांसमोर राहावी म्हणून. “थंडीत दहा किलोमीटर न थांबता पळालीस की उघडू.” पाच हिवाळे मी दम लागल्याचं सांगून पुलावरच थांबले. उन्हाळ्यात तो गेला. आज सकाळी एकटीच निघाले. पुलावर थांबवेना, दहा किलोमीटर पळतच राहिले. घरी येऊन बाटली उघडली, तर बुचाचा भुगा झाला. सोबतीला आलेल्या नणंदेने घोट घेऊन तोंड वाकडं केलं. “वहिनी, पार व्हिनेगर झालंय गं, ओतून दे.” मी ग्लास काठोकाठ भरला. मला दम कधीच लागला नव्हता. पुलावर थांबलं, की तो माझा गारठलेला हात स्वतःच्या खिशात घ्यायचा आणि आम्ही चालत घरी यायचो.