तीन आठवडे आणि निळा ड्रेस

वजन उतरवून देणाऱ्या तीन कंपन्यांपैकी आपल्याला मानवेल अशी कुठली, हे शिंप्याच्या बायकोला ठरवायचं होतं. एक पावडर द्यायची, दुसरी सूप, तिसरी रोज फोन करून काय खाल्लं ते विचारायची; प्रत्येकीचा पहिला आठवडा फुकट होता. "काट्यावर माझा भरवसा नाही. ज्या आठवड्यात निळा ड्रेस सैल होईल, ती कंपनी खरी," तिनं जाहीर केलं.

पहिल्याच शनिवारी तिचा सुकलेला चेहरा शिंप्याला बघवेना. ती आंघोळीला जाताच त्यानं ड्रेसची कुशीची शिवण उसवली, आत दाबलेली जादा कापडाची माया बोटभर मोकळी केली आणि पुन्हा टीप मारली. रविवारी ती आरशासमोर गिरकी घेताना बघून त्याचा जीव भांड्यात पडला. पावडरवालीनंतर सूपवालीच्या आठवड्यातही त्यानं तेच केलं. रोज फोन करणारीच्या वेळी तर उसवायला कापडच उरलं नव्हतं, म्हणून त्यानं निळी पट्टी शोधून जोडली.

"मग, कुठली घेतेस?" त्यानं चाचरत विचारलं.

"एकही नाही. तुमची टीप मी ओळखणार नाही होय? पहिल्याच रविवारी कळलं." ती हसायला लागली. "पुढचे दोन आठवडे चांगली पोटभर जेवत होते. म्हटलं, बघू तरी, हा माणूस कुठवर उसवतो!"