कबूल काय केलंस?

एडलिनचा छोटा नोएल दवाखान्यातून घरी आला, हसू-खेळू लागला, तरी ती रात्री उठून उठून त्याचं कपाळ चाचपायची. रविवारी कोर्लईच्या चर्चच्या पायरीवरच सासूने तिला अडवलं.

"पोरासाठी चर्चातल्या मावलीला काय कबूल केलंस? उपास, अनवाणी चालणं, जे असेल ते आधी फेड. फेडायचं राहिलं तर दिलेलं परत जातं, बाय!"

एडलिनने नोएलला घट्ट धरलं. दवाखान्यात नेलं त्या दिवशी अलिबागपर्यंत रिक्षात त्याला तापाने झटके येत होते आणि तिची दातखीळच बसली होती.

"आई, मी काहीच बोलले नाही," ती घाबरत म्हणाली. "नुसतं 'वाचव' म्हणायचंसुद्धा सुचलं नाही. तुम्ही शेजारीच होतात, तुम्ही बोललाच असाल ना?"

"मी?" सासूचा आवाज एकदम खाली आला. "माझं तर डोकंच बंद पडलेलं. मला वाटलं, तू शिकलेली, तू बोलली असशील."

आत गाणं सुरू झालं. दोघींना पुढे पाऊल टाकवेना. सासूने नातवाच्या गार कपाळावर हात ठेवला, तो कितीतरी वेळ उचललाच नाही.

"म्हणजे," ती पुटपुटली, "देवानं न मागताच दिला गं."