चमचाभर चेहरा

सफरचंदाच्या व्हिनेगरची बाटली तिने उलटी धरली. तळाशी राहिलेला एकच थेंब काचेवरून रमतगमत खाली आला आणि पातेल्यात पडायचा सोडून ओट्यावर पडला.

"झालं," ती म्हणाली. "आजच संपायचं होतं."

काकड्या कापून बरण्यांत भरून तयार होत्या. उन्हं कलली की मोठी नणंद येणार होती. दुकान नणंदेचं, बरण्यांवरचं नावही नणंदेचं, पण आतली चव आजवर हिच्या हातची. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाने बरणी परत आणून टेबलावर आदळली होती. "काकडी आहे की ॲसिड?" आज नणंद स्वतः चाखून बघणार होती, आणि पुन्हा तसंच निघालं तर बरण्यांचं हे काम दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार होतं.

खिडकीत बाकीच्या बाटल्या उभ्या होत्या. दुपारचं ऊन त्यांच्यातून झिरपून फरशीवर उतरलं होतं; बार्लीच्या व्हिनेगरचा तपकिरी डाग, द्राक्षाच्या व्हिनेगरचा लाल. ती त्या रंगांत पाय बुडवून उभी राहिली. बार्लीचं घातलं तर काकड्या काळवंडतील, द्राक्षाचं घातलं तर गुलाबी होतील. तांदळाचं चालेल. ते मवाळ, थोडं जास्त ओतायचं आणि साखरेला हात आखडता घ्यायचा. साधं पांढरं मात्र त्याच मापाने गेलं तर घशाला चिमटे काढतं. हे सगळं तिने झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

पण तांदळाचं आणि पांढरं, दोन्ही पाण्यासारखी. दोन्ही एकसारख्या बाटल्यांत, आणि एकीवरही चिठ्ठी नाही. इतकी वर्षं ती तोऱ्यात म्हणायची, "चिठ्ठ्या कशाला? देवाने नाक दिलंय की!"

ते नाक तापात गेलं. ताप उतरला, नाक काही परत आलं नाही. आंबट आहे एवढं जिभेला कळायचं. कुठलं आंबट, ते कळायचं नाही. कांदा परतला जायचा, वाफ उठायची, आणि तिच्यापर्यंत काहीच पोचायचं नाही. आपलंच स्वयंपाकघर पाण्याखाली गेलंय असं तिला वाटायचं. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची भीती वाटायची.

तिने दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं दोन चमच्यांत घेतलं, वर मिठाचे कण टाकले आणि हाक मारली, "अहो, जरा मीठ बघता का?"

नवरा आत आला. त्याला सगळे पुतळा म्हणत. लग्नाच्या फोटोत नवरदेव कुठला आणि मागचा खांब कुठला हे विचारावं लागतं, अशी त्याची ख्याती. हल्ली मात्र वयाने म्हणा, दातांनी म्हणा, त्याचा चेहरा हलायला लागला होता. तिच्या ते पथ्यावर पडलं होतं, म्हणून तिनेही फार खोलात जाऊन विचार केला नव्हता.

पहिल्या चमच्याला त्याचा डावा डोळा गच्च मिटला आणि खांदा कानापर्यंत गेला. दुसऱ्या चमच्याला कपाळ सैल झालं, ओठ नुसते एकमेकांवर फिरले.

"मीठ बरोबर आहे," तो म्हणाला आणि भांडी घासायला लागला.

तिने दुसरी बाटली पातेल्यात ओतली.

नणंद आली ती पर्स खांद्यावरून न काढताच बरणीकडे गेली. एक फोड खाल्ली. मग दुसरी. हिने हातातलं फडकं पिळून पिळून त्याची दोरी केली होती.

"सफरचंदाचं ना?"

"संपलं होतं, वन्सं. तांदळाचं घातलंय."

"फसवलंस की गं मला!" नणंद हसली. "चालू दे तुझं. घे रे पुतळ्या, तूही खा."

त्याने फोड तोंडात टाकली. दोन्ही भुवया वर चढल्या.

"अगंबाई, हे काय नवीन?" नणंद त्याच्याकडे बघतच राहिली. "लहानपणी एरंडेल पाजलं तरी याची पापणी हलायची नाही. आई घाबरून डॉक्टरकडे घेऊन गेली होती याला!"

ती बरण्या घेऊन गेली, तिच्या हसण्याचा आवाज जिन्यावरून उतरत गेला. स्वयंपाकघरात ऊन आता भिंतीवर चढलं होतं.

तो मोरीपाशी पाठमोरा उभा राहून पातेल्याचं झाकण घासत होता. लख्ख झाकणात त्याचा चेहरा दिसत होता. एक भुवई वर गेली, खाली आली. मग दोन्ही वर गेल्या. त्याला ते पटलं नसावं. त्याने पुन्हा एकच वर नेऊन बघितली.

"कधीपासून माहितेय तुम्हाला?" तिने विचारलं.

झाकण थांबलं.

"दूध करपलं त्या दिवसापासून. घरभर वास सुटला होता, आणि तू शेजारी उभी राहून गाणं गुणगुणत होतीस."

इतके दिवस एकटीनेच हे ओझं उचललंय असं ती समजत होती.

"मग बोलायचं नाही का?"

"काय बोलणार? चवीचं बिवीचं मला सांगता येत नाही." तो ओशाळला. "तोंडं जमतात थोडीफार."

तिने डोळे पुसले. मागे ठेवलेल्या बरणीतली एक फोड काढून त्याच्यापुढे धरली. "आत्ता नाटक नको. खरंच सांगा, कसं झालंय?"

त्याने फोड तोंडात घेतली आणि सावकाश चावली. हळूहळू त्याचे डोळे मिटले. हा चेहरा तिने आजवर कधीच पाहिला नव्हता.

त्याच्याकडे बघत तिने खोल श्वास घेतला.