डावी कड

"गुळगुळीत टायर माझ्याकडून मिळणार नाही," टायरवाला मास्तर म्हणाला. "दुसरीकडून घ्यायचा तर घ्या. मी बसवणार नाही."

बाईंनी मोटरसायकलची दोन्ही चाकं स्वतःच कारच्या डिकीतून काढून आत आणली होती आणि आता त्या स्टुलावर ठाण मांडून बसल्या होत्या. पन्नाशी उलटलेल्या, अंगानं भरलेल्या, पेशानं मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकीण. वीस वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून बाईंचा आवाज चढायचा कधीच थांबला होता.

"शर्यतवाले सगळे तोच लावतात," त्या म्हणाल्या.

शर्यतवाल्यांकडे टायर तापवायच्या गोधड्या असतात, मास्तरनं समजावलं. तो टायर तापल्याशिवाय रस्ता धरत नाही, आणि नवशिक्याच्या वेगानं तो तापत नाही. पहिल्याच वळणावर गाडी हातातून जाते. त्यापेक्षा हा नक्षीचा, मऊ. एका फेरीत तापतो. आणि सुटणार असेल तर आधी सांगून सुटतो.

"पहिली शर्यत कधी?"

"येत्या रविवारी. सही मिळाली तर."

सही घरच्या माणसाची लागत होती. संमतीचा कागद उद्या दुपारपर्यंत दिला नाही, तर शर्यतीच्या दिवशी ट्रॅकवर पाऊल ठेवू देणार नव्हते. आणि नवऱ्याचा विरोध होता.

"नको का म्हणतात?"

"नको असंही म्हणत नाहीत. विषय निघाला की हसतात."

मास्तरला ते झोंबलं. भांडणारा माणूस बरा, तो म्हणाला, त्याच्याशी भांडता तरी येतं. हसणाऱ्याचं काय करायचं?

बाई म्हणाल्या, हसणारे एकटे तेच नाहीत. तीन दुकानं पालथी घालून झाली. पहिल्यानं स्कूटरचे टायर काढले. दुसऱ्यानं नातवासाठी हवेत का विचारलं. तिसरा म्हणाला, मॅडम, या वयात जरा टिकाऊ घ्या.

"नावं सांगा तिघांची," मास्तर म्हणाला. बाईंनी सांगितली नाहीत.

मास्तरच्या दुकानावर धड पाटीही नव्हती, पण लोक लांबून यायचे. डॉक्टरनं एक्सरे बघावा तसा तो झिजलेला टायर बघायचा आणि चालवणाऱ्याचा स्वभाव सांगायचा. मागचं चाक त्यानं उजेडात धरून फिरवलं. उजवी कड टोकापर्यंत खाल्ली गेली होती. डावीकडे करंगळीएवढी पट्टी कोरी करकरीत.

"सरावाच्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, ते धरलं. तरी डावीकडे मन कचरतंय. पडलात कधी?"

"हा रविवारचा सराव सोडला, तर चालवायलाच कुणी दिलं नाही. पडणार कधी?"

मास्तर मनापासून हसला. मग पुढच्या टायरवरून त्यानं अंगठा फिरवला आणि त्याचं हसू थांबलं. पुन्हा फिरवला. झीज एकसारखी, कुठे ओरखडा नाही, कुठे तुकडा उडालेला नाही.

"इथे ब्रेक ओरबाडलेला नाही, दाबलाय," तो म्हणाला. "पंचवीस वर्षांत असे टायर मी चार पाहिले असतील. हा हात शिकवून येत नाही, बाई. डावी कड काय, दोन महिन्यांत सुधारेल."

बाईंच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. हे सांगायलाच हवं, असं त्या पुटपुटल्या.

हवा वजनावर ठरते. त्यानं वही ओढून वजन विचारलं.

"छप्पन्न."

मास्तरनं एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा स्टुलाकडे, आणि निमूटपणे छप्पन्न लिहिलं.

टायरवरच्या बाणाची दिशा बघून त्यानं नवे टायर चढवले. गार असताना हवा इतकीच, फेरी मारून आलात की लगेच पुन्हा मोजा, नवा टायर निसरडा असतो म्हणून पहिल्या दोन फेऱ्या दमानं, हे सगळं त्यानं दोनदा सांगितलं. बाईंनी ते शब्दन्‌शब्द लिहून घेतलं.

आमच्याकडे ही कटकट नाही, काम करता करता तो म्हणाला. बायको मागे बसली की शर्ट मुठीत धरते. वळण आलं की सुरू, पुढे बघा, जायचंय तिकडे बघा, खाली काय बघता. डोकं खाते नुसती. हल्ली रविवारी माहेरी जाते तीही बसनं. माझी गाडी नको म्हणते.

"कधी म्हणाल्या नाहीत, मी चालवू का?"

"म्हणाली असेल एकदोनदा." मास्तरनं व्हॉल्व्हचं टोपण आवळलं. "ते सोडा. तुमचं बघू. एवढा हात असून घरात बसवायचं म्हणजे काय? आणा तो कागद. टायर तपासल्याची सही करतोच आहे, नवऱ्याच्या जागेवरही मीच ठोकतो. बघू कोण अडवतंय."

बाईंनी कागद उलटा घडी घालून फक्त सहीची जागा वर ठेवली.

"तुमच्याच नावानं करा," त्या म्हणाल्या.

"माझ्याच नावानं. भितो काय कुणाला?"

चष्मा कपाळावरच होता. त्यानं कागद चाकावर टेकवून लांबलचक सही ठोकली आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"आणि तुमच्या नवऱ्याला सांगा, काही म्हणायचं असेल तर दुकानात यायचं. माझ्यासमोर हसून दाखवायचं."

"आमचे हे जाऊन नऊ वर्षं झाली," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागदाची घडी उलगडली.

मास्तरनं चष्मा नाकावर ओढला. अर्जाच्या पहिल्या ओळीत, रोजच्या ओळखीच्या तिरप्या अक्षरात, त्याच्या बायकोचं नाव होतं.