विल्फची बिअर

डॉरिनच्या पबमध्ये ती काळी बिअर पिणारा म्हातारा विल्फ एकटाच उरला होता. पिंपाला तोटी ठोकली की ती दोन-चार दिवसांत संपवावी लागते, नाहीतर आंबते. विल्फ रोज दोन ग्लास रिचवायचा, उरलेली डॉरिन निमूटपणे मोरीत ओतायची.

"मावशी, बंद कर की ती," बारवर हाताखाली असलेली भाची ट्रेसी म्हणायची.

"अगं, मग विल्फ कशाला येईल इथे?"

आज तळघरात डॉरिनने नव्या पिंपावर हातोडी उगारली, तेवढ्यात उघड्या झडपेतून वरून विल्फचा दबका आवाज आला.



"ट्रेसी, मावशी खाली आहे तोवर पटकन लिंबू सरबत दे गं. डॉक्टरांनी बिअर कधीच बंद केलीय, पण मीही सोडली तर बिचारीची पिंपं संपवणार कोण?"