दीडचं नेट

आजही दीडची मीटिंग अडकली तर साहेब माझं काम दुसऱ्याला देणार होते. रोज बरोबर आमच्या जेवणाच्या वेळी नेट दहा मिनिटं गचके खायचं. वायर बदलली, राउटर कपाटावर चढवला, फरक शून्य. "हॉलमधला कॅमेरा बाहेरून कुणीतरी उघडतं," नेटवाला म्हणाला. "तेवढा वेळ सगळं नेट तोच खातो. पासवर्ड बदलू?" आईने माझ्याकडे पाहिलं. कॅमेरा दादाने बसवला होता. दोन वर्षांपूर्वी तो बाबांशी भांडून घराबाहेर पडला, तेव्हापासून त्यांनी त्याचं नावही काढू दिलं नव्हतं. घड्याळात एक पंचवीस. "बदला," मी म्हणाले. "हात लावू नका!" बाबा गुरकावले. त्यांनी फडक्याने कॅमेऱ्याची काच पुसली, केस नीट केले आणि खुर्ची त्याच्यासमोर ओढली. मग मला म्हणाले, "मीटिंगला शेजारच्या काकूंकडे बस." आणि आईला, "अगं, ताटं इकडेच वाढ."